मुंबई–लंडन विमानाचे अंतर आणि वेळ सांगणारे ॲप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मुलगी लंडनला स्थायिक झाल्यापासून आमचे पुण्याहून तिकडे जाणे-येणे वाढले, म्हणून दोन शहरांमधील विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे एक मोफत ॲप मी आठ महिन्यांपूर्वी फोनवर घेतले. मधल्या काळात आमच्या दोन फेऱ्या झाल्या, त्यामुळे त्यातले आकडे प्रत्यक्षाशी ताडून पाहता आले.

अंतर ते चोख सांगते. मुंबई ते हीथ्रो सुमारे ७,२०० किलोमीटर, हा आकडा बरोबर आहे. मात्र तो पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचा आहे. नातवाच्या पृथ्वीगोलावर मी दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तेव्हा तो बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा कडा आणि युक्रेन यांवरून गेला. सपाट नकाशावर पट्टीने मारलेली रेघ त्याच्या बरीच दक्षिणेला, इराक-तुर्कस्तानवरून जाते. पण या दोऱ्यावरून आज विमान उडू शकत नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यापासून आपल्या कंपन्यांना समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. ॲपला यातले काहीही ठाऊक नाही.

खरी अडचण वेळेची आहे. जाताना आणि येताना, दोन्हीकडे ते साडेआठ तासच दाखवते. ७,२०० ला ताशी ८५० ने भागले की हेच उत्तर येते. डिसेंबरमध्ये जाताना समोरच्या पडद्यावर जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी ७९० किलोमीटर दिसत होता, परतताना तोच १,०१० झाला. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा जाताना अंगावर येतो आणि येताना पाठीशी असतो, शिवाय हिवाळ्यात तो अधिक जोरदार असतो. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत आम्हाला जाताना सव्वादहा तास लागले, येताना नऊ.

माझ्या यजमानांना मधुमेह आहे. पहिल्या वेळी मी डॉक्टरांना साडेआठ तास सांगितले आणि त्यांनी त्याच हिशेबाने इन्सुलिनचे व जेवणाचे वेळापत्रक लिहून दिले. उतरून घरी गेल्यावर घ्यायच्या इंजेक्शनची वेळ झाली, तेव्हा आम्ही अजून युरोपवर होतो, जेवणाचे ताट कधीच उचलून नेले होते आणि सुई वरच्या कप्प्यातल्या पिशवीत राहिली होती. त्या अर्ध्या तासात माझा जीव टांगणीला लागला होता.

अंतरासाठी ॲप मी ठेवले आहे. वेळ मात्र आता तिकिटावरच्या दोन्ही वेळांतून काढते. या वेळा स्थानिक असतात, म्हणून जाताना उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक मिळवावा लागतो. पुढच्या फेरीसाठी डॉक्टरांना मी ‘घरातून निघाल्यापासून मुलीच्या दारापर्यंत वीस तास, त्यांपैकी विमानात सव्वादहा’ असे लिहून दिले आहे, आणि सुई हातातल्या पर्समध्ये राहील.