हेडला पडलेलं भोक आणि त्यावर भरलेली लांबी

ज्यांच्या डोक्यात सध्या पोर्टिंगचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या (हेडमधल्या) हवा आत-बाहेर जाण्याच्या वाटा, पोर्ट, कोरून मोठ्या करायचं खूळ आहे त्यांनी आधी हे वाचा. माझ्याही डोक्यात होतं.

गाडी 2006 ची करिझ्मा बाइक. 223 सीसी, एअर कूल्ड, दोन व्हॉल्व्हचं साधं हेड. बाबांची गाडी, म्हणून विकायची नाही. पण जरा पिकअप वाढला तर काय बिघडलं, असा हव्यास. पुण्यातल्या एका ट्यूनरचे व्हिडिओ बघून बघून मी पाघळलो. फोनवर गोड बोलला. “दादा, पोर्टातून किती हवा जाते ते फ्लो बेंचवर मोजून देतो, रिपोर्टसकट.” 18,000 ठरले. 14,000 ऑनलाइन, तेही त्याच्या वैयक्तिक खात्यावर, आणि 4,000 रोख. पावती मागायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण लाज वाटली.

तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. स्टार्टर मारला आणि मी खूश! आवाज असला दमदार की शेजारचे गॅलरीत आले. सायलेन्सरच्या आतला आवाज दाबणारा बॅफल काढून ठेवलाय, हे मला फार उशिरा कळलं. आवाज वाढला की ताकद वाढली असं आपल्याला वाटतं, आणि हे लोक त्यावरच जगतात.

रविवारी पन्हाळ्याला निघालो. वाघबीळ सोडल्यावर जो चढ पूर्वी चौथ्यात आरामात निघायचा, तिथे तिसरा टाकावा लागला. वर रिकाम्या रस्त्यावर पिळली तर पळायची, पण खाली जीवच नव्हता. ट्यूनर म्हणाला, “रेसिंग पोर्ट आहे, वरच्या आरपीएमला बघा.” पोर्ट नुसतं मोठं केलं की आत जाणाऱ्या हवेचा वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो, हे मला आज कळतं. तेव्हा मी मान डोलावली.

मग धूर सुरू झाला. निळा. पण जोर देताना नाही, उतारावर थ्रॉटल सोडला की. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल गायब. पुन्हा पुण्याला. “पिस्टनच्या रिंगा गेल्यात तुमच्या, जुनी गाडी आहे.” रिंगांचे आणखी 3,800. धूर तसाच. थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये ओढ सगळ्यात जास्त असते, त्यामुळे नेमका तेव्हाच धूर येत असेल तर आधी वर हेडमध्ये बघायचं असतं, व्हॉल्व्हची दांडी जिच्यात सरकते ती गाईड, ऑइल अडवणारं सील वगैरे. हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

शेवटी एका सकाळी गाडी चालूच होईना. सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजचा काटा 60 पीएसआयच्या पुढे जाईना. टेम्पोत घालून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेली, हेडचंच काम करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे. त्यांनी हेड उतरवलं, व्हॉल्व्ह काढले, बॅटरीचा उजेड पोर्टात टाकला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “हे कुणी कोरलंय ओ? नारळ खवलाय का काय?”

वरून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या खड्ड्यात त्यांनी थोडं पेट्रोल ओतलं. मला म्हणाले, आता पोर्टात बघा. गाईडच्या बाजूनं थेंब पाझरला. मग दुसरा. बारीक स्क्रूड्रायव्हरचं टोक तिथे लावलं तर करडा पोपडा निघाला, वाळलेल्या कणकेसारखा. पाण्याच्या पाईपाला दोन रंगांच्या गोळ्या मळून लावतात ना, तसली लांबी. तिच्याखाली तुरीच्या डाळीएवढं भोक, आरपार.

म्हणजे ग्राइंडर मारता मारता पोर्टाचं छत फुटलं होतं आणि वरचं ऑइल त्यातून खाली ओढलं जात होतं. पेट्रोल आणि उष्णता खाऊन लांबी सुटली, तिचा एक तुकडा इनटेक व्हॉल्व्हखाली अडकला, व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर डाग पडला, व्हॉल्व्हची कड भाजली. सिलिंडरचा ब्लॉक उचलला तर रिंगा जुन्याच!

हात घसरणं मी समजू शकतो. मिस्त्री स्वतःच म्हणाले, त्यांच्याकडूनही उमेदीत दोन हेडं फुटलीत. पण तेव्हाच सांगितलं असतं तर हेड कोरडं, स्वच्छ होतं, वेल्डिंग सोपं गेलं असतं. ऑइल प्यायलेलं ॲल्युमिनियम धड वेल्ड होत नाही. त्यांनी हेड धुऊन, तापवून, पुन्हा धुऊन आरगॉन गॅसवर वेल्डिंग करणाऱ्याकडे नेलं. मी सोबत होतो. पहिला टाका फसफसून काळा झाला, सगळा बुडबुड्यांनी भरलेला. तो घासून काढला, पुन्हा तापवलं, पुन्हा टाका. तिसऱ्या वेळी चांदीसारखा बसला. पोर्ट जिथे खाली सीटकडे वळतं ते आतलं छोटं वळण पठ्ठ्यानं घासून सपाट केलं होतं; तिथेही धातू भरून घेतला. वेल्डिंगनं हेड वाकतंच, म्हणून फेसिंग (तळ घासून सपाट करणं), नवी गाईड, नवा व्हॉल्व्ह, सीट 45 अंशात आणि तिच्या वरखाली 30 आणि 60 चे कट. इनटेक पोर्ट त्यांनी आरशासारखं चकचकीत केलं नाही, मुद्दाम खरबरीत ठेवलं. पेट्रोल भिंतीला चिकटून वाहू नये म्हणून. ट्यूनरच्या व्हिडिओत मी ज्या चकाकीवर भुललो होतो ती मुळात नकोच होती.

एकूण 11,200 गेले. पिकअप मूळ गाडीइतका, जास्त नाही.

ट्यूनरला फोटो पाठवले. “आमच्याकडून गेलं तेव्हा ओके होतं. बाहेर कुठे उघडलं असेल.” मग माझा नंबरच ब्लॉक. ग्राहक आयोगात जायचं तर हातात बिल नाही, जॉबकार्ड नाही. तेव्हा कुणाला हेड द्यायचंच असेल तर आधी पोर्टचे फोटो काढा, बिलावर काय काम करणार ते लिहून घ्या, आणि हेड बसवण्यापूर्वी तुमच्यासमोर पेट्रोल ओतून दाखवायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. जो कुरकुरेल त्याला नमस्कार करून उठा.

आणि हो, तो फ्लो बेंचचा रिपोर्ट. छापील, रंगीत आलेख वगैरे. मिस्त्रींनी चष्मा लावून वाचला. किती इंच पाण्याच्या दाबावर मोजलंय ते कुठेच नाही. सहसा 28 इंचांवर मोजतात, तेवढं तरी लिहायचं. वर 12 मिलिमीटर लिफ्टपर्यंतचे, म्हणजे व्हॉल्व्ह तेवढा उघडेपर्यंतचे आकडे. त्यांनी डायल गेज लावून माझ्या कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) लिफ्ट मोजली, ती त्याच्या कितीतरी खाली. दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचा कागद होता तो. मिस्त्रींनी तो उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं माझ्या सीटची आणि गाईडची मापं लिहून दिली. गाडीच्या कागदपत्रांत तीच बाजू वर ठेवलीय.