सब कोपऱ्यातून हलवला आणि ३,४०० रुपये वाचले: साउंडबार, सात महिन्यांनंतर

दिवाळीत नवी पेठेतून घेतलेला २.१ साउंडबार, सोबत वायरलेस सबवूफर (सब, म्हणजे खालचे सूर वाजवणारा वेगळा डबा). वॅट वगैरे आकडे सगळ्यांना माहीत आहेत, ते परत लिहीत नाही. मला फक्त बेसबद्दल बोलायचंय.

पहिले पाच महिने तक्रार नव्हती. एप्रिलपासून खालच्या प्रत्येक सुराला खर्रर असा आवाज यायला लागला. तक्रार नोंदवली, नवव्या दिवशी माणूस आला. दोन मिनिटं गाणं ऐकलं, सब उचलूनसुद्धा बघितला नाही आणि म्हणाला, "कोन फाटलाय, स्पीकरचा पडदा. वॉरंटीत बसत नाही. ३,४०० होतील." ११,००० च्या वस्तूला सात महिन्यांत ३,४००! मी पैसे दिले नाहीत. त्या रात्री एक तारा देऊन विषय संपवणार होतो.

पण फाटलेला कोन कुठेही नेला तरी फाटलेलाच वाजणार ना? दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर बार आणि सब दोन्ही गच्चीवर नेले, एक्स्टेंशन बोर्ड लावला आणि तेच गाणं त्याच आवाजात लावलं. खर्रर नाही! बेस पातळ वाटला, कारण तिथे भिंतीच नाहीत, पण स्वच्छ. घरात परत लावून एकेका वस्तूवर हात ठेवत गेलो. शोकेसच्या सरकत्या काचेवर बोट दाबलं की आवाज बंद. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून खाचेत बसवल्या. खर्च शून्य. त्या माणसाने एवढं तरी बघायला हवं होतं, याचा राग अजून गेलेला नाही.

खर्रर गेली, घुमणं मात्र राहिलं. आमचे आप्पा भजनात पखवाज वाजवतात. त्यांनी अभंग लावायला सांगितला, थोडं ऐकलं आणि पखवाजाच्या खर्जाच्या बाजूबद्दल, म्हणजे धुम्याबद्दल म्हणाले, "धुम्यावर कणीक जास्त झाली की असंच होतं बघ. एकच घुमारा, बोल काही कळंना." मला हवं ते निदान मिळालं. सगळा बेस जास्त नव्हता, एकच पट्टा जास्त होता.

मोबाइलवर टोन वाजवणारं मोफत ॲप घेतलं आणि ३० ते १०० हर्ट्झपर्यंत पाच-पाचने चढत गेलो. आवाज कमीच ठेवा, शुद्ध टोनने छोट्या सबवर ताण येतो. सोफ्यावर बसून ऐकलं तर ४० ला घर भरतंय आणि ५५ ला जवळजवळ काहीच नाही. उठून बाजूच्या भिंतीकडे गेलो तर तोच ५५ दणकून ऐकू येतोय. खोलीची लांबी १४ फूट (४.२७ मीटर), रुंदी १० (३.०५ मीटर). आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की ४० हर्ट्झ येतात, रुंदीच्या दुपटीने भागलं की ५६. (आपल्या मे महिन्यात हवा ४० अंशांची असते तेव्हा वेग ३५५ च्या आसपास जातो, तरी फरक दीड-दोन हर्ट्झचाच.) हे खोलीचे स्वतःचे सूर, समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमणारे. लांबीचा सूर टोकाच्या भिंतींपाशी सर्वांत मोठा, रुंदीचा सूर बरोबर मध्यात सर्वांत बारीक. एप्रिलात रंगकाम झालं तेव्हा आम्ही सोफा मागच्या भिंतीला, अगदी मध्यावर लावला आणि सब टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात ढकलला. कोपऱ्यात सब खोलीचे सगळेच सूर उठवतो. सगळं तिथूनच सुरू झालं होतं.

आधी भिंतीवर दोन सोलापुरी चादरी टांगून बघितल्या. टाळांचा चरचरीतपणा कमी झाला, घुमणं तसंच. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब, तिला चादर काय अडवणार? मग सब आणि कान यांची अदलाबदल केली: सब सोफ्यावर ठेवला, डग्ग्याचं मींडकाम (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज) असलेला तबला लावला आणि भिंतीकडेने बसत, सरकत ऐकत गेलो. जिथे मींड वरपासून खालपर्यंत सारखी ऐकू आली, ती सबची जागा. लांब भिंतीच्या मध्यावर सर्वांत छान होती, पण सब तिथे ठेवल्यावर बातम्यांमधला पुरुषी आवाज बाजूने यायला लागला. या छोट्या बारमध्ये सबकडे बरेच वरचे सूरही पाठवतात. शेवटी टीव्हीच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर जमलं. सबच्या मागचं हवेचं भोक भिंतीपासून वीतभर लांब, शहाबादी फरशीवर पायाखाली रबराचे तुकडे. सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे आणि तेवढाच बाजूला. रिमोटवरचा बेस अधिक ४ वरून उणे १ वर आणला.

आता धुमा वेगळा आणि थाप वेगळी ऐकू येते. आप्पा परवा अख्खा अभंग न उठता ऐकत बसले. वरच्या काकूंनी महिन्याभरात एकदाही खाली निरोप पाठवला नाही.

म्हणून एकाचे चार तारे करतोय. पाचवा देणार नाही. हळू आवाजात काही वेळ ऐकलं की सब आपोआप झोपतो आणि पुढचा ठोका आल्यावर दोन-तीन सेकंदांनी जागा होतो. विलंबित ऐकताना समेवरचा डग्गाच गायब होतो. हे बंद करायची सोय मेनूमध्ये कुठेही नाही, आणि ते जागा बदलून सुटत नाही. कंपनीला दोनदा लिहिलंय. सॉफ्टवेअर सुधारून पाठवलं तर इथेच येऊन पाचवा तारा देईन.