छोट्या ऑफिसचं नेटवर्क: साखळी, स्टार की मेश?

आमचं सीएचं ऑफिस, दोन मजले, टॅलीचा सगळा डेटा खालच्या एका मशीनवर आणि बाकीचे सगळे तिथूनच काम करणारे. आधीचं नेटवर्क म्हणजे टेबलं वाढत गेली तसा एका स्विचमधून (अनेक मशीनच्या केबल जोडायचा डबा) दुसरा, दुसऱ्यातून तिसरा काढत नेलेली साखळी. आता ते काढून स्टार केबलिंग (प्रत्येक टेबलाची वेगळी केबल थेट एका मेन स्विचला) करून घेतलंय, आणि छोट्या ऑफिसला मी डोळे झाकून स्टारच सांगेन.

साखळीत केबल कमी लागते, काम पटकन होतं, बस. मधला स्विच टेबलाखाली पडलेला, केर काढताना त्याचा अडॅप्टर जरा हलला की पुढची सगळी टेबलं बंद, आणि कोणाची एंट्री चालू असेल तर डेटा बिघडायची भीती वेगळीच. मधे एखादा जुना 100 एमबीपीएसचा स्विच असला तर पुढच्यांची मशीन कितीही नवी असू देत, सगळ्यांनी तेवढ्यातच भागवायचं. एकदा कोणीतरी लोंबणारी केबल परत त्याच स्विचमध्ये खोचली, लूप झाला (डेटा गोल गोल फिरत राहिला), सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले आणि अख्खं ऑफिस ठप्प! (लूप स्टारमध्येही होऊ शकतो, पण तिथे अशी मोकळी टोकंच राहत नाहीत.)

स्टारमध्ये प्रत्येक टेबलाची कॅट-6 नेटवर्क केबल थेट मेन स्विचच्या रॅकपर्यंत येते, एक केबल गेली तर एकच मशीन बंद, आणि पॅच पॅनलवर (रॅकमधली, सगळ्या केबल जिथे येऊन जुळतात ती पट्टी) नंबर टाकलेले असले की कुठली गेली ते लगेच कळतं. तोटा म्हणजे केबल भरपूर खाते, 305 मीटरचा बॉक्स बघता बघता संपतो, आणि मेन स्विच गेला की सगळंच गेलं. म्हणून स्विच यूपीएसवर ठेवा आणि एक स्पेअर कपाटात असू द्या. केबल घेताना तार ब्लेडने खरवडून बघा हं, आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, घेऊच नका. आणि एका केबलची लांबी 100 मीटरच्या आत.

मेश वायफाय, म्हणजे एकमेकांशी जोडलेले अनेक वायफाय पॉइंट, घरासाठी मस्त, भिंती फोडायला नको. पण एक पॉइंट दुसऱ्याशी वायरलेसनेच बोलत असेल आणि दोन्ही कामांना एकच रेडिओ असेल तर स्पीड जवळजवळ निम्मा होतो. आम्ही वरच्या मीटिंग रूमपुरता एकच पॉइंट ठेवलाय, तोही मागून केबल देऊन, आणि तो चांगला चालतो.

रिंगच्या (गोलाकार जोडणीच्या) भानगडीत छोट्या ऑफिसने पडूच नये. ती टेलिकॉमवाल्यांच्या फायबरला शोभते, जेसीबीने एकीकडे तोडलं तरी डेटा उलट्या बाजूने फिरून येतो.

केबलिंगवाल्याचं काम नीट आहे, ट्रंकिंग (केबल झाकायची पट्टी) सरळ, प्रत्येक पोर्ट टेस्टरवर दाखवून दिला, फक्त सांगितलेल्या दिवशी आले नाहीत. सीसीटीव्ही लावणार असाल तर कॅमेऱ्यांना वेगळा पीओई स्विच (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) आत्ताच सांगून ठेवा, नंतर परत ट्रंकिंग उघडायला लागतं.