पाचोळ्याची लिटर बॅग: जाळी मजबूत, शिलाईने घात केला

पाचोळा कुजायचा वेग मोजायला रेडीमेड लिटर बॅग (litter bag, म्हणजे पाचोळा भरून जमिनीवर ठेवायची जाळीची पिशवी; काही महिन्यांनी उचलून वजन किती घटलं ते बघायचं) मागवल्या होत्या, नायलॉनच्या, २० बाय २० सेंमी, २ मिमी जाळीच्या, आणि रेनफॉरेस्टमध्ये वर्षभर वापरून झाल्यावर लिहितेय.

जाळीबद्दल तक्रार नाही. पाऊस, दमटपणा सगळं झेललं, कुठे उसवली नाही. २ मिमीच्या भोकातून बुरशी आणि माइट, स्प्रिंगटेल असे मातीतले बारीक जीव आरामात आत जातात पण मोठे मिलिपीड आणि गांडुळं बाहेर राहतात, म्हणजे कुजण्याच्या वेगाचा आकडा जमिनीवर मोकळ्या पडलेल्या पाचोळ्यापेक्षा कमी येऊ शकतो हे धरूनच चाला.

खरा त्रास शिलाईचा. कडा सुती दोऱ्याने शिवलेल्या! अहो जिथे पानं कुजवायची तिथे सुती दोरा कसा टिकेल, तिसऱ्या महिन्यात पिशव्या उचलायला गेले तर कडा उघड्या आणि निम्मा पाचोळा बाहेर सांडलेला, त्या पिशव्यांचं वजन घेऊन काही उपयोगच नव्हता, फार वाईट वाटलं. उरलेल्या मी नायलॉन दोऱ्याने परत शिवल्या.

ज्या शाबूत होत्या त्यातली एक उघडली तर पानाच्या नुसत्या शिरा राहिलेल्या आणि खालून जाळीतून केसासारखी पांढरी मुळं आत शिरून त्या शिरांना चिकटलेली. इतकं सुंदर होतं ते! पोटॅशियम तर पावसाने पहिल्या काही आठवड्यांतच धुऊन जातं, पण फॉस्फरस मातीत हरवायच्या आत ही मुळं आणि त्यांच्यावरची बुरशी उचलून घेते. व्हेनेझुएलात सान कार्लोस दे रिओ नेग्रोच्या जंगलात १९७० च्या दशकात जमिनीवर पसरलेल्या अशाच बारीक मुळांच्या गादीवर किरणोत्सारी कॅल्शियम आणि फॉस्फरस शिंपडून बघितलं होतं, ०.१ टक्क्यापेक्षा जास्त खाली झिरपलंच नाही. पण पिशवीचं वजन करायच्या आधी आत शिरलेली मुळं चिमट्याने एकेक काढा, नाहीतर वजन जास्त भरतं आणि कुजणं उगाच हळू दिसतं. चिकटलेल्या मातीचंही तेच, थोडा नमुना भट्टीत जाळून राखेचा हिशोब वजा करावाच लागतो.

जाळीला ५ पैकी ५, शिलाईला १. विक्रेत्याला कळवलंय, अजून उत्तर नाही. घेणार असाल तर आधी कडेचा एक धागा ओढून काडीने पेटवून बघा, सुती असेल तर राख होते, नायलॉन असेल तर वितळून गोळी होते.