सर्व्हरचा डेटा मोठ्या डिस्कवर: रोबोकॉपी की क्लोन?

महाप्याच्या एका ऑफिसातला मित्र या प्रश्नावर अडलाय. विंडोज फाइल सर्व्हरची डी ड्राइव्ह भरली, नवी ४ टीबी डिस्क आली, पण अकाउंट्सचं फोल्डर सगळ्यांना उघडं पडायला नको. मार्ग दोन: रोबोकॉपी, म्हणजे विंडोजमधली फाइली कॉपी करायची कमांड, किंवा क्लोन, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल.

परवानग्या (कोणतं फोल्डर कोण उघडू शकतं): क्लोनमध्ये अख्खं व्हॉल्यूम, म्हणजे अख्खी ड्राइव्ह, जसंच्या तसं उतरतं, त्यामुळे काही सुटत नाही. रोबोकॉपीत मात्र स्विच (कमांडपुढे लिहायचा पर्याय) विसरलात की घोळ. साधी कॉपी परवानग्या नेतच नाही. /कॉपीऑल (/COPYALL) द्या, सोबत /बी (/B), म्हणजे ॲडमिनलाही बंद असलेली फोल्डरं येतील. कॉपीच्या दोन फेऱ्यांमधल्या काळात कुणाचे हक्क बदलले असतील तर शेवटच्या फेरीला /सेकफिक्स (/SECFIX) हवंच, कारण फाइल तीच असेल तर रोबोकॉपी ती वगळून पुढे जाते, बदललेले हक्क नेत नाही. /एमआयआर (/MIR, लक्ष्य हुबेहूब स्रोतासारखं करणारा स्विच) जपून वापरा, स्रोत-लक्ष्य उलटं झालं तर डेटा पुसला जातो.

बंद वेळ: इथे रोबोकॉपी सरस. पहिली फेरी काम चालू असतानाच, शेवटची रात्री. ऑफलाइन क्लोनला पूर्ण वेळ सर्व्हर थांबतो.

जागा: जुनी डिस्क एमबीआर (डिस्कचे भाग नोंदवायची जुनी पद्धत) असेल तर क्लोननंतरही २ टीबीपुढचं वापरता येत नाही, आधी जीपीटी (त्याच कामाची नवी पद्धत) करावं लागतं. रोबोकॉपीत नवी डिस्क सुरुवातीलाच जीपीटी करता येते.

शेअर (नेटवर्कवर इतरांना दिसणारी फोल्डरं): त्यांची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत असते. नव्या डिस्कला तेच डी अक्षर देऊन सर्व्हर रीस्टार्ट केला की पुरतं.

ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच डिस्कवर असेल किंवा रविवारी सर्व्हर निवांत बंद ठेवता येत असेल, तर क्लोन. नुसता डेटा आणि शिफ्टमध्ये चालणारं ऑफिस असेल, तर रोबोकॉपी. मित्रालाही मी तीच सुचवली. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका.