जुना माल परत घ्यायचा की मशीन विकायचंच नाही?
चक्राकार अर्थव्यवस्थेत, म्हणजे वस्तू फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात ठेवण्याच्या व्यवहारात, उतरणाऱ्या कारखानदारापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. विकलेला भाग परत घेऊन नव्यासारखा करायचा, नाहीतर वस्तू स्वतःकडेच ठेवून तिच्या वापराचे पैसे घ्यायचे.

पहिल्या वाटेवर अवजड यंत्रं बनवणारी कॅटरपिलर कंपनी १९७३पासून आहे. या वाटेचा कणा म्हणजे भाग विकताना घेतलेली अनामत. गिऱ्हाइकाने जुना भाग परत आणून दिला की ती सुटते, म्हणून माल भंगारात जात नाही. तेलाने काळा पडलेला क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आला की तो धुवायचा, तडे तपासायचे, जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा त्याचा गोल भाग) पाव मिलिमीटर ग्राइंड करायचं आणि त्या घटलेल्या मापाचं, म्हणजे अंडरसाइज, बेअरिंग बसवायचं. फोर्जिंगला, म्हणजे धातू तापवून ठोकून घडवायला, लागलेली सगळी ऊर्जा वाचते. आपल्याकडच्या रिबोअरिंगवाल्यांना हे काम हातचं आहे. फरक कंपनीच्या लेखी हमीचा.

दुसरी वाट विमानांची. ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश विमान-इंजिन कंपनीने १९६२ साली सुरू केलेली 'पॉवर बाय द अवर' (तासावर शक्ती) पद्धत पुढे विमानांची इंजिनं बनवणाऱ्या रोल्स-रॉइसने मोठी केली. इंजिनाचे पैसे उड्डाणाच्या तासांवर. इंजिन बंद पडलं तर तोटा बनवणाऱ्याचा, म्हणून ते टिकाऊच बनवावं लागतं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण २०२०मध्ये विमानं जमिनीवर बसली आणि तासांची कमाईही आटली.

भांडवल बेताचं असलेल्या लघुउद्योजकाने पहिलीच वाट धरावी, असं माझं ठाम मत आहे. मात्र डिझाइन करतानाच वेल्डऐवजी बोल्ट वापरा. वेल्ड केलेला भाग उघडायचा म्हणजे तो कापावाच लागतो.