लेस्टरचा संध्याकाळचा डेंटल नर्सिंग डिप्लोमा: माझा अनुभव

साताऱ्यात मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होते. सिमेंट कालवणं, सक्शन धरणं, घाबरलेल्या पोरांना बोलण्यात गुंतवणं, सगळं बघून बघून शिकलेलं. इंग्लंडमध्ये तसं चालत नाही. इथे डेंटल नर्स म्हणवून घ्यायचं तर जनरल डेंटल कौन्सिल या दंतसेवेच्या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पात्रता. शिकाऊ म्हणून नोकरी करत ती मिळवता येते, म्हणून मी आठवड्यातून एक संध्याकाळ भरणारा हा डिप्लोमा घेतला. आपल्याकडच्या बऱ्याच जणी त्याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

निर्जंतुकीकरणाच्या तासांसाठी तरी हा कोर्स करावाच. शिकवणाऱ्या बाई स्वतः अनेक वर्षं डेंटल नर्स होत्या. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, १३४ ते १३७ अंशांवर किमान ३ मिनिटं, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. बाईंनी सगळा वेळ दिला तो त्याच्या आधीच्या धुण्याला. हाताने इन्स्ट्रुमेंट धुताना पाणी ४५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण कढत पाण्यात अंडं घट्ट व्हावं तसं रक्तातलं प्रथिन धातूला धरून बसतं. मग ते वाफेलाही दाद देत नाही. धुतलेली प्रत्येक वस्तू दिव्याच्या भिंगाखाली बघायला लावली. स्वच्छ वाटणाऱ्या स्केलरच्या (दात खरवडायच्या हत्याराच्या) खाचेत काय उरतं ते तिथे दिसलं, आणि तेव्हापासून मी भिंगाशिवाय ट्रे पुढे सरकवत नाही. खुर्चीच्या पाण्याच्या नळ्यांचंही तसंच: सकाळ-संध्याकाळ २ मिनिटं आणि दोन पेशंटच्या मध्ये २० ते ३० सेकंद पाणी वाहू द्यायचं. साचलेल्या पाण्यात जंतूंचा थर कसा धरतो ते समजल्यावर घाईच्या दिवशीही हे काम टाळावंसं वाटत नाही.

दुसरी मोठी गोष्ट सुईची. ज्याने सुई वापरली त्यानेच ती वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकायची, नर्सच्या हातात द्यायची नाही. बाईंनी हे नुसतं सांगितलं नाही, आमच्याकडून मोठ्याने वदवून घेतलं. एकीने घाईतला डॉक्टर व्हायचं, दुसरीने म्हणायचं, "डॉक्टर, डबा मी जवळ आणते, सुई तुम्हीच टाका." आपल्याकडे डॉक्टरांना असं सांगायची सवय नसते, त्यामुळे सुरुवातीला माझा आवाजच फुटेना. पण तोंडात बसलेलं वाक्य वेळेला आपोआप येतं. मी ते आमच्या दवाखान्यात म्हटलं, डॉक्टरांनी लगेच मानलं. सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली रक्त येऊ द्यायचं, साबणाने धुवायचं, घासायचं नाही, चोखायचं नाही, आणि त्याच क्षणी कळवायचं. एचआयव्हीचा धोका असेल तर औषध जितकं लवकर तितकं बरं, शक्यतो २४ तासांत, फार तर ७२ तासांपर्यंत.

कमी पडला तो तातडीच्या प्रसंगांचा तास. तीव्र ॲलर्जीला ॲड्रेनालिन ५०० मायक्रोग्रॅम स्नायूत, रक्तातली साखर उतरली तर ग्लुकॅगॉन, हार्ट अटॅकला ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम, ऑक्सिजन, सगळं एकाच संध्याकाळी उरकलं. या औषधांची पेटी प्रत्येकीच्या हातात जेमतेम एकदा आली. पेशंट खुर्चीत कोसळल्यावर पेटीतलं काय कुठे आहे हे हाताला ठाऊक हवं, वहीला नाही. हा तास निदान दोनदा व्हायला हवा. मी तसं लिहूनही दिलं आहे. पोर्टफोलिओवरचे, म्हणजे आपण केलेल्या कामांच्या नोंदींवरचे, शेरे उशिरा येतात, तेही सुधारावं.

भारतातून आलेल्यांना चार्टिंग, म्हणजे पेशंटच्या दातांची नोंद, अडेल. आपल्याला दोन अंकी दात-क्रमांकांची सवय, इथे पामर पद्धत, म्हणजे तोंडाचे चार भाग करून प्रत्येक भागात दात १ ते ८ मोजायचे. जादा सरावाचे कागद मागितले की मिळतात. क्ष-किरणांना इथे फक्त तोंडओळख आहे.

हातात नोकरी नसताना फी भरू नका, कारण पोर्टफोलिओतल्या कामांवर दवाखान्यातल्या माणसाची सही लागते. फी मालक भरणार का, हे नोकरी घेतानाच विचारा. आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचे कागद गावाकडून आधीच मागवून घ्या. बाईंनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीला ते विचारले. लस झाली नसेल तर लगेच सुरू करा. नेहमीच्या वेळापत्रकात तीन डोसांना सहा महिने जातात, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीसाठी रक्त तपासायचं असतं.